पाचवीच्या वर्गावरचा पाठ आणि आप्पांची जबान

जुलैतला पहिला शनिवार. लातूर. हजर: सासरे, म्हणजे आप्पा, सासूबाई, धाकटी जाऊ, आणि मी. गैरहजर: दीर, दुकानासाठी मिरची बघायला धर्माबादला गेलेले, आणि माझे मिस्टर, नांदेडला, ड्युटीवर.

घरातलं कुठलंही काम हाती घेण्याआधी कोण आहे आणि कोण नाही हे मी लिहून घेते. घरचे हसतात, हसू देत. माणसं मोजली की कामं वाटता येतात. त्या दिवशी मात्र वाटण्यासारखं काही नव्हतं. काम एकटीचंच होतं. धाकट्या जावेला पाचवीच्या वर्गावर इंग्रजीचा पाठ घेऊन दाखवायचा होता, आणि तो बघून तिला तो वर्ग द्यायचा की नाही हे ठरणार होतं.

ती मूळची मुरुडची. शिक्षण सगळं मराठीतून, बी.एड. लग्नानंतर केलेलं. लातूरच्या एका इंग्रजी शाळेत ती बालवर्गाला मदतनीस होती. मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधायच्या, डबे उघडून द्यायचे, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरायचं. हे काम ती मनापासून करायची, पण फळ्यासमोर उभं राहायला मिळावं ही तिची जुनी इच्छा. जूनमध्ये पाचवीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या. मुख्याध्यापिकांनी त्या जागेसाठी दोघींना पाठ घ्यायला बोलावलं. एक आमची जाऊ, दुसरी अहमदपूरची. विषय दोघींना एकच, ज्यांच्या शेवटी ‘सेल्फ’ येतं ती इंग्रजी सर्वनामं. त्यांचे उपयोग दोन. एक आत्मवाचक, एक नुसता जोर देणारा.

तिचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. म्हणाली, “अक्का, तुम्ही याच. माझं हे सेल्फ-सेल्फ सगळं एकात एक व्हायलंय.”

मी नांदेडला माध्यमिक शाळेत इंग्रजीच शिकवते. शुक्रवार-शनिवारची रजा टाकली, गुरुवारी दुपारची बस पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. बसमध्येच मी तिच्यासाठी पाठ लिहून काढला होता. सुरुवात, उदाहरणं, फळ्यावर काय लिहायचं, मुलांना काय विचारायचं, शेवटी गृहपाठ. कठीण शब्दांचे उच्चार देवनागरीत. मला वाटलं, आता ती तो पाठ करून टाकेल आणि विषय संपेल.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात बसलो. ती दोडके चिरत होती, मी समोर पाटावर. मी म्हटलं, सुरुवात म्हणून दाखव. तिनं विळी बाजूला सारली, पदर सावरला आणि म्हणाली, “गुड मॉर्निंग. मायसेल्फ...” आणि पुढे नाव.

मी तिला तिथेच थांबवलं. आपल्याकडे मुलाखतीला गेलेला प्रत्येक जण असंच सुरू करतो आणि नेमक्या याच विषयाच्या पाठाला तसं चालणार नव्हतं. मायसेल्फ हा स्वतःच्या पायावर उभा राहणारा शब्द नाही, मी सांगितलं. वाक्यात आधी ‘आय’ यावा लागतो, मग त्याच्या मागे हा. ‘आय अ‍ॅम’ म्हण आणि नाव सांग. तिनं दोनदा म्हणून पाहिलं.

मग मूळ मुद्दा. अडचण अशी होती की मराठीत आपण दोन्हीकडे ‘स्वतः’ वापरतो. आप्पा स्वतः बाजारात गेले, आणि आप्पांनी स्वतःला दमवलं. इंग्रजीतही दोन्हीकडे ‘हिमसेल्फ’च. मग फरक कशावरून ओळखायचा, हा तिचा प्रश्न. बरोबर प्रश्न होता. माझ्या लिहून आणलेल्या पाठात त्याची फक्त व्याख्या होती.

मी विळीकडे बोट दाखवलं. म्हटलं, तू बोट कापून घेतलंस तर काय म्हणशील? कापलं नाही, ‘कापून घेतलं’. भाजून घेतलं, पाडून घेतलं, दमवून घेतलं. ते ‘घेतलं’ काय सांगतं? केलेलं काम फिरून आपल्याच अंगावर आलं. इंग्रजीत त्या ‘घेतलं’च्या जागी ‘हरसेल्फ’ येतो. शी कट हरसेल्फ. हा पहिला प्रकार. आता दुसरा. आप्पा स्वतः बाजारात गेले. यात आप्पांच्या अंगावर काहीच फिरून आलं नाही. ते गेले एवढंच. ‘स्वतः’ काढून टाक. आप्पा बाजारात गेले. वाक्य जागेवर आहे. गेलं काय? नुसता भार गेला. दुसऱ्याला पाठवलं नाही, आपण गेले, हे सांगणारा भार.

सासूबाई आतल्या खोलीतून पूजा आटोपून आल्या होत्या. त्या इष्टलिंग तळहातावर घेऊन रोज सकाळी पूजा करतात. मी त्यांनाही उदाहरणात ओढलं. म्हटलं, आत्याबाई स्वतः पूजा करतात.

त्या म्हणाल्या, “मग माझ्या तळहातावरची पूजा काय शेजारीण येऊन करायलीय का? ‘स्वतः’ कशाला म्हणायचं त्यात?”

जाऊ हसली. पण हसता हसता तिच्या काहीतरी लक्षात आलं. म्हणजे जिथं दुसरं कुणी करू शकत असतं तिथंच भार द्यायचा, ती म्हणाली. मला हे पंधरा ओळींत लिहूनही नीट सांगता आलं नव्हतं.

थोड्या वेळानं ती उठली, पलंगावरच्या उशा आणि लोड आणले आणि जमिनीवर एकावर एक रचले. तिच्या माहेरी गोदाम. लहानपण धान्याच्या पोत्यांच्या थप्प्यांवर चढण्यात गेलेलं. तिनं सगळ्यात वरची उशी उचलली. थप्पी जशीच्या तशी. हा भार देणारा, ती म्हणाली. मग खालचा लोड हिसकला, सगळं कोसळलं. हा फिरून अंगावर येणारा. “शी कट हरसेल्फ. हरसेल्फ काढला की वाक्य खाली.”

मी माझ्या कागदावरची आरशाची आणि राजाची उदाहरणं खोडली आणि तिथे ‘थप्पी’ असं लिहिलं. वर्गात उशा नसतील, वह्या रच, असंही मीच सुचवलं. दुपारी आम्ही बाकीचं उरकलं. ‘हिसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ज’ असले शब्द नसतात. ‘बाय हरसेल्फ’ म्हणजे एकटीनं, कुणाच्या मदतीशिवाय. तिनं माझा कागद बाजूला ठेवून आपल्या शब्दांत सगळं परत सांगितलं. मी कुठंकुठं टोकलं, पण तयारी चांगली होती.

रात्रीच्या जेवणाला आप्पा पाटावर बसले आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडताना म्हणाले, “फिकीर करायचं काम न्हाई. मी बोललोय.”

कुणाशी, हे विचारायची गरज नव्हती. शाळेच्या समितीवर आडत बाजारातले एक शेटजी आहेत. त्यांचं आणि आप्पांचं दुकान शेजारी शेजारी, भिंतीला भिंत. दोघांमध्ये वर्षानुवर्षं तूर, हरभरा, सोयाबीनचे सौदे नुसत्या बोलण्यावर झालेले. बाजारात त्याला जबान म्हणतात. कागद नाही, सही नाही, तरी ती देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही बांधते. दिलेली जबान कुणी फिरवली असं आप्पांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही, आणि ज्यानं फिरवली असेल त्याच्याशी त्यांनी पुढे व्यवहार केला नसेल याची मला खात्री आहे.

जाऊ वाढता वाढता थांबली. “आप्पा, कशाला बोललात?”

“कशाला म्हंजे? लेकीसाठी बोलायला कारण लागतं का?”

तिनं पुढचं वाढायला घेतलं. मला त्यात मोठं काही वाटलं नाही. बदली असो, प्रवेश असो, दवाखान्यातली खाट असो, आमच्याकडे कुणीतरी कुणाशी तरी बोललेलं असतंच. आप्पा तर प्रेमानंच बोलले होते. दोन घास जास्त जेवून ते झोपायला गेले.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर बाकावर अहमदपूरच्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. मांडीवर चार्ट गुंडाळलेला, वर प्लॅस्टिकची पिशवी, कडेनं रंगीत कागदाची नक्षी डोकावत होती. पहिल्या बसनं आल्या असाव्यात. जावेनं त्यांना नमस्कार केला, त्यांनी सरकून जागा दिली. मग दोघी चार्टला लावायच्या चिकटपट्टीबद्दल बोलत बसल्या.

आम्हाला आत बोलावलं तेव्हा शेटजी खुर्चीत बसलेले होते. समोर चहा. मला बघून त्यांनी हात जोडले, आप्पांची तब्येत विचारली. मग मुख्याध्यापिकांकडे वळून अगदी सहज म्हणाले, “पाठ कशाला ठेवायलाव मॅडम? आप्पांच्या सूनबाई हायत. घरचं माणूस. ऑर्डर टाइप करून घ्या.” अहमदपूरच्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून ते म्हणाले, “बाई, तुम्हाला कळवतो आपण नंतर.”

आवाजात जराही उद्धटपणा नव्हता. आप्पांना दिलेला शब्द ते पाळत होते, बाजारात पाळतात तसंच. मुख्याध्यापिकांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. अहमदपूरच्या बाईंनी चार्ट पिशवीत नीट सरकवायला सुरुवात केली. कडेची नक्षी दुमडू नये म्हणून हळूहळू.

जाऊ त्या चार्टकडेच बघत होती. ती म्हणाली, “शेटजी, पाठ आम्ही दोघी घेतो. वर्ग बसलाय.”

मी या घरात इतकी वर्षं वावरते आहे. परक्या पुरुषाचं बोलणं तिनं खोडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मुख्याध्यापिका लगेच उठल्या. म्हणाल्या, “चला, तास सुरू करू.” शेटजींनीही अडवलं नाही. उलट तेही उत्साहानं वर्गात आले, मुलांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मायसेल्फ, मेंबर ऑफ धिस स्कूल.” मुलं एका सुरात गुड मॉर्निंग सर म्हणाली. जावेनं माझ्याकडे बघायचं टाळलं.

आधी अहमदपूरच्या बाई. खरं सांगायचं तर त्यांचं इंग्रजी आमच्यापेक्षा सफाईदार. चार्टवर आरसा, आरशात बघणारी मुलगी, बाजूला आठही सर्वनामांचा तक्ता. एक गोष्ट त्यांनी फार चांगली सांगितली. तू आणि तुम्ही दोघांनाही इंग्रजी ‘यू’च म्हणते, पण इथं मात्र एकाला ‘युअरसेल्फ’ आणि अनेकांना ‘युअरसेल्व्ज’. हा मुद्दा आमच्याकडून शुक्रवारी राहूनच गेला होता. मुलांनी तक्ता वहीत उतरवून घेतला. वर्ग शांत होता.

मग आमची जाऊ. ‘आय अ‍ॅम’ म्हणून सुरुवात केली. पुढच्या बाकावरच्या वह्या गोळा केल्या, टेबलावर थप्पी रचली, वरची वही उचलली. थप्पी उभी. मुलांनी मान डोलावली. मग तिनं मधली वही धरून झटक्यात ओढली. वही अलगद बाहेर आली. वरच्या वह्या खाली बसल्या, आणि थप्पी होती तशीच उभी.

“टीचर, पडलंच नाही,” एक मुलगा म्हणाला. वर्ग हसला. शेटजीही हसले.

वह्यांचं मी सुचवलेलं. मागच्या बाकावर मी हातरुमालाची घडी मोडत बसले. ती क्षणभर थप्पीकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरोबर आहे, वह्या पडत नाहीत, वह्या राहू द्या. आणि तिनं तीन मुलींना पुढे बोलावलं. बालवर्गात मुलांना रांगेत उभं करायची तिला सवय. पहिलीला म्हणाली, तू ‘शी’. दुसरी ‘कट’. तिसरी ‘हरसेल्फ’. एकमेकींचे हात धरा. मग तिसरीला हात सोडून बाजूला व्हायला सांगितलं. ‘कट’ झालेली मुलगी एक हात हवेत धरून उभी राहिली.

जावेनं वर्गाला विचारलं, “शी कट... काय कट?”

“केक,” मघाचाच मुलगा म्हणाला.

“बघा, हिचा हात रिकामाय. कुणीपण येऊन धरतंय. केक येईल, मिरची येईल. पण मग हिला लागलं, हे कळंल का कुणाला?” हे ती मराठीतच बोलून गेली. मग भानावर येऊन इंग्रजीत परत सांगितलं, अडखळत, पण सांगितलं. तिसऱ्या मुलीला तिनं परत जागेवर आणलं आणि त्या रिकाम्या हाताला हात मिळाला.

पुढे चौघांना उभं केलं. ‘आजी’, ‘हरसेल्फ’, ‘मेड’, ‘भाकरी’. ‘हरसेल्फ’ला बाजूला काढलं. ‘आजी’ आणि ‘मेड’मध्ये जागा पडली. त्या दोघांनी काय करावं? कुणी न सांगता एक पाऊल सरकून एकमेकांचा हात धरला. वर्गाला त्यानंतर फरक समजावून सांगायची गरज राहिली नाही. मागच्या बाकावरचेसुद्धा आम्ही, आम्ही करत पुढे यायला लागले. तास संपला तरी दोन मुली दारापाशी हात धरून वाक्य जोडत होत्या.

आता तटस्थपणे. इंग्रजी अहमदपूरच्या बाईंचं चांगलं, तक्ता पक्का. मुलं आमच्याकडे अधिक बोलली, पण मराठी जास्त झालं आणि ‘युअरसेल्व्ज’ आलंच नाही. मला निवड करायची असती तर मला एक रात्र लागली असती.

शेटजींना लागली नाही. बाहेर येताच ते म्हणाले, दोघींचंही छान झालं, पण आप्पांना दिलेली जबान आहे. अहमदपूरच्या बाईंनी हे ऐकलं. जावेशी बोलल्या, तुमचं हात धरायचं मी माझ्या शिकवणीच्या मुलांना करून दाखवणार म्हणाल्या, आणि बसस्टँडकडे निघाल्या.

फाटकापाशी मुख्याध्यापिकांनी आम्हाला गाठलं. निवड त्यांनाच करायची होती, त्या म्हणाल्या. “पण तो शब्द मध्ये आहे तोवर मी कुणालाही घेतलं तरी माझं ठरवणं कुणी खरं मानणार नाही. तुम्ही पण नाही मानणार.”

जाऊ म्हणाली, “मला थोडा वेळ द्या.”

संध्याकाळी आप्पा दुकानातून आले, टोपी खुंटीला अडकवली, आणि विचारलं, “झालं ना काम?” तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसली. सगळं सांगितलं. बाकावरच्या बाई, चार्ट, शेटजी, दोन्ही पाठ. मग म्हणाली, “आप्पा, शेटजींकडं जाऊन त्यांची जबान त्यांना परत द्या.”

आप्पांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तांब्या तसाच हातात राहिला. “परत द्या म्हंजे? बाजारात मी जबान परत देतो म्हणू?”

“हाव.”

“का पण? तुझंच भलं हाय त्यात.”

“मला पाठ जमला का न्हाई, ते कुणी सांगंना झालंय मला. तुमचं नाव मध्येच येतंय. आणि ती बाई पहाटे उठून आली होती.”

सासूबाई शेंगा निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “पोरीनं काय दुकान मागितलं का तुम्हाला?”

“दुकान मागितलं असतं तर सोपं होतं,” आप्पा म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुझं बोलणं चांगलं आहे, तू जाऊन शेटजींना समजावून सांग, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. मी मनात मुद्दे लावायलाही सुरुवात केली होती. आधी आभार, मग शाळेचं नाव, मग विनंती. चपला कुठे काढल्यात हेही आठवून झालं होतं.

“न्हाई,” जाऊ म्हणाली. “अक्का न्हाई. आमचे हे न्हाईत, फोन न्हाई, चिठ्ठी न्हाई. तुम्ही जाऊन सांगा.”

आप्पा तांब्यातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, “बघतो.”

मी बसले होते तिथेच बसून राहिले. रविवारी सकाळच्या बसनं नांदेडला परतले.

आता ऑगस्ट लागलाय. पाचवीचा इंग्रजीचा तास सध्या मुख्याध्यापिका स्वतः घेतात. जाऊ बालवर्गातच आहे, नाड्या बांधते, डबे उघडून देते, आणि दुपारच्या सुट्टीत पाचवीच्या मुली तिला हात धरायला बोलवायला येतात, असं ती सांगते. अहमदपूरच्या बाईंचा तिला फोन आला होता, काही ठरलं का विचारायला. तिनं अजून नाही म्हणून सांगितलं आणि का नाही, तेही सांगितलं. त्यानंतर दोघी अधूनमधून बोलतात.

परवा मी लातूरला फोन लावला. सासूबाईंनी उचलला. विचारलं, आप्पा गेले होते का शेटजींकडे?

“गेले होते. पायरीपर्यंत गेले, चहा पिले, आले परत. तुरीचा भाव बोलले म्हणे.”

“आणि आज?”

“आज शेटजी गावाला गेलेत म्हणाले. गावाला कशाचे जातेत, मघाशीच समोरून गेले.”

मागून आप्पांचा आवाज आला, कुणाचा फोन आहे. सासूबाईंनी माझं सांगितलं. तिला म्हणावं उद्या जातो, आप्पा म्हणाले.

माझ्या नांदेडच्या घरात फ्रिजवर त्या महिन्याच्या कामांचा कागद आहे. लातूरच्या नावाखाली पाच-सहा गोष्टी होत्या. जावेला युअरसेल्व्जचा मुद्दा फोनवर समजावणं, तिला जाड अक्षरातलं व्याकरणाचं पुस्तक पाठवणं, सासूबाईंच्या गोळ्या. सगळं झालंय. ‘आप्पा, शेटजी’ एवढं राहिलंय. हे काम माझं नाही, त्यामुळे ते कुणाच्या नावापुढे लिहावं याचाही प्रश्न नाही. आज सकाळी नवा महिना म्हणून कागद बदलला, आणि ती ओळ नव्या कागदावर सगळ्यात वर उतरवून घेतली.